घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घराच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर) सासऱ्यांचे नाव आहे म्हणून सुनेने घर सोडलेच पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचे कलम १७ तिला सामाईक घरात, म्हणजे ती सासरी कुटुंबासोबत राहते त्या घरात, राहण्याचा हक्क देते, आणि असे घर सासऱ्यांच्या मालकीचेही असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मालकी मात्र यातून मिळत नाही.

छळ होत असल्यास कापूसवेचणी संपण्याची वाट न पाहता याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १९ खालील निवास आदेश, म्हणजे तिला घरातून काढू नये असा आदेश, मागावा. त्या घरी राहत असल्याचा पुरावा म्हणून तिथल्या पत्त्याचे रेशनकार्ड व आधारकार्ड धान्याच्या कोठीमागे न ठेवता विश्वासू शेजारणीकडे ठेवावे. तालुका विधी सेवा समिती महिलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत देते.