परसबागेतला मावा: आधी पान उलटून बघा

चवळीचे कोवळे शेंडे काळे पडल्यासारखे दिसले, मिरचीची पानं आकसून चिकट झाली, की बहुतेक वेळा तो मावाच असतो, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. ढगाळ हवेत तो फार झपाट्याने वाढतो. फवारायची घाई करू नका, आधी पान उलटा. किडीचं बिऱ्हाड खालच्या बाजूला असतं.

तिथेच ढालकिडाही शोधा. ठिपकेदार लाल पाठीचा हा किडा सगळे ओळखतात, त्याची अळी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी लांबट. कीड समजून लोक तिलाच चिरडतात याचं फार वाईट वाटतं, कारण मावा फस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. ती दिसली तर त्या झाडावर आठवडाभर काहीही फवारू नका.

ती नसेल तर सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. बरबटलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती तोडायलाच हवी. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. पाण्याच्या परातीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवली की वाट बंद.

एवढ्यानेही भागलं नाही तरच निंबोळी अर्क. एक लिटरसाठी 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटा, थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा आणि पाणी घालून एक लिटर करा. अर्क पानाला धरावा म्हणून थोडं रिठ्याचं पाणी घाला. आधी दोन-चार पानांवर फवारून बघा, पानं करपली नाहीत तर दुसऱ्या संध्याकाळी ताजा अर्क करून झाडभर फवारा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो. काढणीला आलेली भाजी फवारणीआधीच तोडून घ्या. आठवड्याने पुन्हा पान उलटून बघा, गरज वाटली तरच दुसरी फवारणी करा.

निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडतात. गर काढून सावलीत वाळवा. बुरशी लागलेल्या टाकून द्या.

युरियाचा हातही आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो. वांग्याचा शेंडा मान टाकत असेल तर मात्र आत अळी शिरलेली असते, तिथवर अर्क पोहोचत नाही. असा शेंडा अळीसकट कापून नष्ट करा.