लँग्वेज सर्व्हरच्या इंटिग्रेशन टेस्ट: या चुका टाळा

"माझ्या लॅपटॉपवर पास होते, सीआयवर कधी होते, कधी नाही." लँग्वेज सर्व्हरच्या (एडिटरला कोडमधल्या चुका आणि सूचना पुरवणाऱ्या प्रोग्रामच्या) टेस्टबद्दल असं कुणी म्हणालं की मी कोड न बघताच विचारतो, "स्लीप कुठे टाकलंय?" बहुतेक वेळा सापडतंच. फाईल उघडायची, दोन सेकंद थांबायचं, डायग्नॉस्टिक्स (सर्व्हरने दाखवलेल्या चुका) तपासायची. सीआयचं (टेस्ट आपोआप चालवणारं) मशीन हळू, म्हणून मग दोनाचे पाच, पाचाचे दहा. अहो, सर्व्हर घड्याळ बघून काम करत नाही! एकाच बदलानंतर डायग्नॉस्टिक्स दोनदा येऊ शकतात, आणि पहिली खेप रिकामी असू शकते. मी मेसेजची वाट बघतो: यूआरआय (फाईलचा पत्ता) जुळला, सर्व्हर व्हर्जन पाठवत असेल तर तोही जुळला, हवी ती एरर दिसली, की पुढे. वर तीस सेकंदांची मर्यादा, तीही फक्त अडकलेली टेस्ट मारायला. रस्ट-ॲनालायझर (रस्ट भाषेचा लँग्वेज सर्व्हर) तर 'आता माझं काम थांबलंय' हे स्वतः कळवतो, पण ते हवंय असं क्लायंटने इनिशिअलाइझ करतानाच सांगावं लागतं.

दुसरी चूक माझीच. टेस्ट क्लायंट पायथनमध्ये घाईघाईत लिहिला होता आणि मेसेजची लांबी सांगणाऱ्या कंटेंट-लेंग्थ हेडरमध्ये जेसनच्या स्ट्रिंगची लांबी टाकली होती. तिथे बाइट मोजायचे असतात, अक्षरं नाहीत. वर्षभर काही बिघडलं नाही, कारण पायथन आपणहून अस्कीबाहेरचं सगळं एस्केप करतो, म्हणजे साध्या अस्की अक्षरांतच लिहितो. लॉगमध्ये मराठी नीट दिसावं म्हणून एका सहकाऱ्याने ते एस्केपिंग बंद केलं, आणि ज्या टेस्टमध्ये 'नमस्कार' अशी कॉमेंट होती तेवढ्याच लटकू लागल्या. 'नमस्कार' म्हणजे सात कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं), पण यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. प्रत्येक मेसेज १४ बाइटनी तुटत होता आणि उरलेलं शेपूट पुढच्या हेडरला चिकटत होतं. सर्व्हर एसटीडीएररवर (एरर लिहायच्या वेगळ्या वाटेवर) ओरडत होता, पण ते आम्ही वाचतच नव्हतो. दोन दिवस गेले. तेव्हापासून आधी एन्कोड, मग मोजणी. आणि एसटीडीएरर कायम वेगळ्या थ्रेडमध्ये उपसायचं. नाही उपसलं तर पाइप भरतो आणि सर्व्हर लिहिता लिहिता थिजतो, ते वेगळंच.

मोजणीचा घोळ इथे संपत नाही. पोझिशनमधला कॅरेक्टर (ओळीतली जागा) बाइटमध्ये नसतो, वेगळं काही ठरवलं नसेल तर तो यूटीएफ-१६ युनिटमध्ये (१६ बिटांच्या तुकड्यांत) असतो. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून एन्कोडिंग आपसात ठरवता येतं. युनिटऐवजी कोडपॉइंट मोजले तर देवनागरीत हा बग दिसत नाही, इमोजीत दिसतो: बहुतेक इमोजींची दोन युनिट होतात. म्हणून माझ्या फिक्श्चरमध्ये (टेस्टच्या नमुना फाईलमध्ये) असा एक इमोजी असतोच, कितीही पोरकट वाटला तरी.

बाकीचं थोडक्यात. ओळी शून्यापासून मोजतात. सर्व्हर एसटीडीआयओवर (प्रोग्रामच्या नेहमीच्या इनपुट-आउटपुटवर) चालत असेल तर त्यात डीबगचा प्रिंट टाकू नका, प्रोटोकॉल त्याच वाटेने जातो. सर्व्हरही क्लायंटला विचारतो, कॉन्फिगरेशन मागतो. उत्तर दिलं नाही तर तो बिचारा थांबून राहतो. मॅकवर /टीएमपी ही खरं तर /प्रायव्हेट/टीएमपी ची सिमलिंक (दुसऱ्या जागी नेणारी खूण) असते, तेव्हा यूआरआय बनवण्याआधी खरा पाथ काढा.

आणि शेवटी प्रोसेस किल करून मोकळे होऊ नका. आधी शटडाउन, त्याचं उत्तर, मग एक्झिट. एक्झिट कोड ० आला का, हीसुद्धा टेस्टच आहे. शटडाउन न पाठवता एक्झिट केलं तर १ यायला हवा.