कोलीन पुरेसं मिळतंय का? घरच्या ताटावरून हिशोब कसा लावायचा

बलक काढून टाकायचा आणि फक्त पांढरं खायचं, ही सवय जिममधून आता घरोघरच्या नाश्त्यापर्यंत आली आहे. कोलीन म्हणजे जीवनसत्त्वासारखं, मुख्यतः अन्नातून मिळवावं लागणारं पोषकद्रव्य, आणि त्याच्या हिशोबात ही सवय फार महागात पडते. सोललेल्या 50 ग्रॅमच्या अंड्यात साधारण 147 मि.ग्रॅ. कोलीन असतं आणि ते जवळजवळ सगळं बलकात. पांढऱ्यात प्रथिनं भरपूर, कोलीन मात्र नावालाच.

कोलीनपासून शरीर अ‍ॅसिटिलकोलीन बनवतं. मज्जापेशी एकमेकींना आणि स्नायूंना निरोप देतात त्यासाठी ते लागतं, स्मरण आणि लक्ष यांतही त्याचा हात असतो. मेंदूतल्याच नव्हे, तर प्रत्येक पेशीच्या आवरणातलं फॉस्फॅटिडिलकोलीन नावाचं स्निग्ध द्रव्यही यातूनच येतं. यकृतात साठू पाहणारी चरबी बाहेर रवाना करायलाही ते लागतं. म्हणून कोलीन फार कमी पडलं की आधी त्रास दिसतो तो यकृतात आणि स्नायूंत. विसराळूपणा हे त्याचं पहिलं लक्षण नव्हे.

किती लागतं? अमेरिकेत 1998 साली ठरलेले आकडे आजही वापरात आहेत: पुरुषांना रोज 550 मि.ग्रॅ., स्त्रियांना 425, गरोदरपणी 450, अंगावर पाजताना 550. युरोपात 2016 साली प्रौढांसाठी 400 हा आकडा ठरला. मोठ्यांचे अमेरिकी आकडे यकृताचं नुकसान टाळण्याच्या हिशोबाने काढले आहेत, बुद्धी तल्लख करण्याच्या नव्हे. त्यामुळे एखाद्या दिवशी 350 भरले म्हणून घाबरायचं कारण नाही. आठवड्याची सरासरी पाहावी. शरीर थोडं कोलीन स्वतःही बनवतं. त्या कामाला इस्ट्रोजेन मदत करतं, म्हणून पाळी थांबल्यावर स्त्रियांनी आहाराकडे जास्त लक्ष द्यावं. फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) कमी पडलं तरी कोलीनवरचा भार वाढतो.

आता शाकाहारी ताट मोजू. वाटी साधारण 150 मि.ली.ची धरली आहे. आकडे कोलीनच्या मि.ग्रॅ.चे आणि ढोबळ आहेत.

दूध, दोन पेले: 80
दही, एक वाटी: 23
हरभऱ्याची उसळ, एक वाटी: 64
वरण, एक वाटी (कोरडी डाळ 30 ग्रॅम): 25
फ्लॉवरची भाजी, 100 ग्रॅम: 39
पोळ्या, चार (कणीक सुमारे 110 ग्रॅम): 34
शेंगदाणे, 30 ग्रॅम: 15
भाजलेलं सोयाबीन, 30 ग्रॅम: 37

बेरीज सुमारे 317. भात मुद्दामच धरला नाही, कारण 100 ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात जेमतेम 2 मि.ग्रॅ. निघतं. दोन वेळा भात आणि पातळ वरण खाणाऱ्याचं पोट भरतं, पण कोलीन मागे पडतं ते इथे. वरण डाळ दिसेल इतकं दाट ठेवा, नाहीतर 25 चे 12 व्हायला वेळ लागत नाही. शंभरेक मि.ग्रॅ. आणखी हवं असेल तर रात्रीच्या भाताऐवजी उसळीची दुसरी वाटी आणि आणखी 30 ग्रॅम सोयाबीन, म्हणजे आकडा 418 च्या आसपास जातो. उसळ चवळीची, राजम्याची, मसुराची, कुठलीही चालेल. आकडा थोडा मागेपुढे होईल.

अंडी चालत असतील तर गणित फार सोपं. दोन अख्खी अंडी म्हणजे 290 च्या वर. उकडा, तळा, पोळा करा, फरक किरकोळ. जास्त उकडलेल्या बलकाभोवती हिरवट-काळी कडा दिसते, ती लोह आणि गंधकाच्या संयुगाची. कोलीन गेल्याची खूण नाही. मधुमेह असेल किंवा कोलेस्टेरॉल चढं असेल तर रोज किती बलक चालतील हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

शिजवलेल्या चिकनमध्ये 100 ग्रॅमला साधारण 85 आणि माशांत प्रकारानुसार 60 ते 90 मि.ग्रॅ. मिळतं. कोंबडीच्या कलेजीत 100 ग्रॅमला 290 च्या घरात असतं. मात्र तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदर बाईने ती टाळावी.

स्वयंपाकात नुकसान होतं ते मुख्यतः पाण्यामुळे. कोलीनचे काही प्रकार पाण्यात विरघळतात. कडधान्य उकडून पाणी मोरीत ओतलं की त्यातला वाटा गेला. कुकरमध्ये बेताचं पाणी घाला आणि उरलेलं रश्शात वापरा. पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी करतात, ते या हिशोबाने अगदी योग्य. फ्लॉवरही पाण्यात उकडून निथळण्यापेक्षा झाकण ठेवून वाफेवर शिजवा.

गरोदरपणी हिशोब जास्त काटेकोर ठेवावा, कारण गर्भाशयातली वार बाळाकडे कोलीन ओढून पाठवते आणि आईचा साठा उतरतो. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, कोलीन नसतं. महागड्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा नसतं किंवा फार थोडं असतं, तेव्हा पाठीमागचं लेबल वाचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या 2018 सालच्या एका छोट्या प्रयोगात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत रोज 930 मि.ग्रॅ. घेणाऱ्या आयांची बाळं 480 घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा चटकन प्रतिसाद देत होती. प्रयोग लहान होता. त्यावरून स्वतःच्या मनाने दुप्पट डोस सुरू करू नये.

गोळी घ्यायचीच झाली तर लेबलवरचा मोठा आकडा फसवा असू शकतो. गोळीत कोलीन वेगवेगळ्या संयुगांच्या रूपात येतं: 500 मि.ग्रॅ. कोलीन बायटार्ट्रेटमध्ये प्रत्यक्ष कोलीन सुमारे 200 असतं, सिटिकोलीनमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा. सोया लेसिथिनच्या (सोयाबीनमधून काढलेल्या, कोलीन असलेल्या स्निग्ध द्रव्याच्या) कॅप्सूलमध्ये त्याहूनही कमी. प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला 3500 मि.ग्रॅ. आहे. अति झालं तर अंगाला आणि घामाला माशासारखा वास येतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. आतड्यातले जिवाणू कोलीनपासून जो पदार्थ बनवतात, त्यापासून यकृतात टीएमएओ नावाचं संयुग तयार होतं. त्याचा हृदयविकाराशी संबंध किती, यावर अजून वाद आहे. गरज नसताना मोठे डोस न घेण्याला तेवढं कारण पुरेसं आहे.

अल्झायमरमध्ये मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन घटतं, म्हणून कोलीनच्या गोळ्यांनी तो बरा होईल असं वाटणं साहजिक आहे. लेसिथिन देऊन झालेल्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. डोनेपेझिलसारखी अल्झायमरवरची औषधं कोलीन पुरवत नाहीत, असलेलं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात. घरातली वयस्क माणसं एकाएकी विसरायला लागली, तर आधी बी12, थायरॉइड आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांकडून तपासून घ्या. अ‍ॅलर्जीच्या आणि लघवीवर ताबा ठेवणाऱ्या काही गोळ्या अ‍ॅसिटिलकोलीनचंच काम अडवतात. त्या चालू ठेवून रोज अंडी वाढवल्याने फरक पडणार नाही.