ओपनपायलट: 'कॅलिब्रेशन इनव्हॅलिड' सारखं येत होतं, शेवटी असं सुटलं

न्यू जर्सीत आमच्या २०२१ च्या कोरोलात कॉमा थ्रीएक्स (काचेवर लावायचं कॅमेरावालं डिव्हाइस; गाडी चालवायला मदत करणारं ओपनपायलट सॉफ्टवेअर त्यावर चालतं) बसवला, पण दर वेळी गाडी काढली की पाच-दहा मिनिटांत 'कॅलिब्रेशन इनव्हॅलिड, रीमाउंट डिव्हाइस' (म्हणजे कॅमेऱ्याचा कोन जुळत नाही, पुन्हा बसवा) आणि सिस्टिम चालूच होईना. रिसेट तीनदा मारलं, सॉफ्टवेअर परत टाकलं, हार्नेस (गाडीला जोडणारी वायर) काढून घट्ट बसवला, काही नाही. दोन वीकेंड गेले, जाम वैताग आला.

मग सेटिंग्जमध्ये डिव्हाइसखाली रिसेट कॅलिब्रेशनवर टॅप केलं तर तिथे डिव्हाइस किती तिरकं आहे तो कोन लिहिलेला असतो. आमचा डावीकडे ५.३ अंश! चालतो डावी-उजवीकडे ४, वर ५, खाली ९ पर्यंत. म्हणजे माउंटच मी तिरका चिकटवलेला.

आधी हेअर ड्रायरने माउंट कोमट केला, मागून डेंटल फ्लॉस ओढून सोडवला, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, बाहेरून मास्किंग टेपने मधली रेष आखली, आणि नवा चिकटपॅड लावून माउंट त्या रेषेवर अगदी सरळ दाबला. २४ तास डिव्हाइस लावलं नाही, ही घाई करू नका. मग रिसेट कॅलिब्रेशन, आणि सरळ रस्त्यावर ताशी २५ किमीच्या वर चालवत राहिलो, कॅलिब्रेशनचे टक्के १०० ला गेले. आता डावीकडे ०.८.