समुद्राचा फोटो एडिट करूनही जमत नाही? या चुका टाळा

डिसेंबरात भाच्याने एक फोटो पाठवला. दादर चौपाटीवरची संध्याकाळ होती. खाली लिहिलं होतं, "मावशी, जरा एडिट करून दे ना. समोर उभा होतो तेव्हा भारी दिसत होतं, फोटोत काहीच नाही आलं."

फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. वर अर्धं आभाळ, खाली अर्धी वाळू आणि मधोमध वांद्रे-वरळी सी लिंकचा पूल, वहीच्या समासाच्या रेघेइतका बारीक. क्षितिज उजवीकडे घसरलेलं. सूर्य पार डावीकडे, वरळीच्या इमारतींमागे गेलेला. कोपऱ्यात निळी प्लास्टिकची पिशवी. पाऊण तास मी त्यावर बसले. आभाळ केशरी केलं, पूल गडद केला, पिशवी पुसली. फोटो जास्त रंगीत झाला, पण चांगला झाला नाही. जी गोष्ट त्याला दाखवायची होती, ती चौकटीत नखाएवढीच होती. कुठलंही ॲप ती मोठी करून देणार नव्हतं.

मुंबईत समुद्राचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं. एडिटिंगला बसल्यावर आपण ज्याच्याशी झगडतो, ते बटण दाबण्याआधीच बिघडलेलं असतं. म्हणून आधी उभं राहण्याबद्दल बोलते.

सगळंच चौकटीत घेणं

समोर मोठा देखावा असला की हात आपोआप फोनच्या 0.5 वाइड लेन्सकडे जातो. वाइड लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या आणि लांबच्या फार लहान करते. दादरहून सी लिंक दोनेक किलोमीटर लांब आहे, वाइडमध्ये तो दोरा होणारच. तिथून 2 किंवा 3 पट झूम वापरा. कॅमेरा असेल तर 85 ते 135 मिलिमीटरच्या आसपास जा. पूल, त्याच्या तारा आणि मागचं आभाळ एकमेकांजवळ येतात आणि पुलाचं मोठेपण फोटोत उतरतं.

वाइड वापरायचीच असेल तर पायाशी काहीतरी हवं. वांद्र्याच्या बँडस्टँडचे काळे खडक, वाळूत ओढून ठेवलेली होडी, ओल्या वाळूवरच्या लाटांच्या रेघा. गुडघ्यावर बसा, कॅमेरा त्या वस्तूच्या जवळ न्या. उभ्याने काढलेल्या वाइड फोटोत खालचा तिसरा हिस्सा नुसती रिकामी वाळू असते.

सूर्य रोज एकाच जागी मावळतो असं धरून चालणं

ही चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य जूनमध्ये नेमक्या पश्चिमेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात तो क्षितिजावर 50 अंश सरकतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण 10 अंश झाकते. अशा पाच मुठी.

मरीन लाइन्सपाशी कठड्यावर बसून पाहा. हिवाळ्यात सूर्य राजभवनाच्या (आताच्या लोकभवनाच्या) टोकाच्या डावीकडे उघड्या समुद्रात बुडतो, तर मे-जूनमध्ये मलबार हिलमागे जातो. गिरगाव चौपाटीवरून तर बारा महिने डोंगरच आडवा येतो. तिथे समुद्रात बुडणाऱ्या सूर्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. भाच्याच्या फोटोतही हेच झालं होतं. डिसेंबरात दादरहून सूर्य वरळीच्या बाजूला जातो. एप्रिलपासून तो उजवीकडे सरकून सी लिंकच्या मागे येतो. त्याने जागा बरोबर निवडली होती, महिना चुकला होता.

भरती-ओहोटी न बघता निघणं

एकच किनारा भरतीला आणि ओहोटीला दोन वेगळे फोटो देतो. ओहोटीला दादरला लांबवर ओली वाळू उघडी पडते आणि आभाळ तिच्यात उतरतं. भरतीला पाणी थेट बांधाला लागतं, उभं राहायला जागा उरत नाही.

कोकणकिनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी पावणेसातला ओहोटी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी. पण पंचांग हाताशी असलेल्याला यावरून एक गोष्ट लगेच कळते: मावळतीला ओली वाळू किंवा उघडे खडक हवे असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरायचे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पाणी चढत असताना किंवा पावसाळ्यातल्या उधाणात बँडस्टँडच्या, वरळीच्या खडकांवर उतरू नका. शेवाळावर पाय ठरत नाही आणि परतायची वाट मागून पाण्याखाली जाते. तिथे माणसांचे जीव गेले आहेत.

सूर्य बुडाला की बॅग आवरणं

मुंबईचा खरा फोटो सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी मिळतो. आभाळ गडद निळं होतं आणि इमारतींचे, रस्त्याचे दिवे त्याच्या तोडीचे दिसतात. त्याआधी दिवे फिके वाटतात आणि त्यानंतर आभाळ काळंठिक्कर होतं. मधली वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची. ट्रायपॉड नसेल तर फोन कठड्यावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

याच वेळी ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःहून रंग जुळवणं, घात करतो. मरीन ड्राइव्हचा पिवळा उजेड त्याला दोष वाटतो आणि तो पुसायला जातो. 2015 मध्ये तिथे पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी लावले, तेव्हा क्वीन्स नेकलेसचा, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या त्या दिव्यांच्या माळेचा, रंग गेला म्हणून केवढी ओरड झाली होती! मग पुन्हा पिवळसर दिवे आले. तो रंग फोटोतही जपायचा असेल तर व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर बांधून टाका.

चुकीच्या रेषेवरून फोटो सरळ करणं

आता एडिटिंग. तिरकं क्षितिज सरळ करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सरळ कशावरून करायचं? मोकळा समुद्र असेल तर पाणी आणि आभाळ मिळतात ती रेषा. मरीन ड्राइव्हसारख्या वळणाऱ्या किनाऱ्यावर मात्र समोर दिसणारी पाण्याची कड ही क्षितिजाची रेषा नसते. किनारा एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असतो, त्यामुळे ती कड मुळातच तिरकी दिसते. पुष्कळ जण तीच कड आडवी करतात आणि मग इमारती कलंडतात. अशा वेळी चौकटीच्या मधोमध असलेल्या एखाद्या इमारतीची उभी कड धरा. कडेच्या इमारती धरू नका. कॅमेरा वर उचलला असेल तर त्या आतल्या बाजूला झुकतात, त्यासाठी पर्स्पेक्टिव्हचं वेगळं स्लायडर आहे.

रिकामं आभाळ रंगाने भरणं

हिवाळ्यात मुंबईवर धुरकं असतं. आभाळात ढग नाही, पोत नाही. असं आभाळ अर्धी चौकट खात असेल तर सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) ओढून ते भरत नाही. सूर्याभोवतीचा केशरी रंग आधीच टोकाला असतो. तो आणखी ओढला की लाल रंगातले बारीक फरक संपतात आणि तिथे सपाट डाग पडतो. आभाळ कापा. क्षितिज वरच्या पाचव्या हिस्स्यात न्या किंवा सरळ आडवा 16:9 क्रॉप करा. रंग हवाच असेल तर व्हायब्रन्स थोडा वाढवा, तो आधीच भडक असलेल्या रंगांना कमी हात लावतो. पाऊस उघडल्यावरची एखादी संध्याकाळ मिळाली, ढगांचे थर लागलेले असले, तर उलट करा आणि दोन तृतीयांश चौकट आभाळाला द्या.

धुरकं कमी करणारा डिहेझ जपून वापरा. थोडा लावला तर लांबच्या इमारती स्पष्ट होतात. जास्त लावला की आभाळात दाणे येतात आणि सावल्या निळ्या-काळ्या पडतात. शिवाय धुरक्यामुळेच फोटोत जवळचं-लांबचं कळतं. ते पूर्ण पुसलं तर सगळ्या इमारती एकाच पडद्यावर चिकटवल्यासारख्या दिसतात.

पुलाभोवती पांढरी किनार

हायलाइट्स (उजळ भाग) पूर्ण खाली, शॅडोज (गडद भाग) पूर्ण वर आणि वरून कडा ठळक करणारी क्लॅरिटी. हे तिन्ही एकत्र आले की आभाळाला लागून असलेल्या गडद वस्तूंभोवती पांढुरकी कड उमटते. सी लिंकच्या तारांवर ती लगेच दिसते. फोटो 100 टक्के मोठा करून तारा तपासा. शॅडोज निम्म्यावर आणा. पूल काळा राहिला तर राहू द्या, त्याचा आकार ओळखायला तपशील लागत नाही. काढतानाच फोनवर आभाळाला बोट लावून उजेड थोडा कमी केला आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढलं तर नंतर इतकी ओढाताण करावीच लागत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. पण सूर्याभोवतीचा भाग एकदा पांढरा पडला, की रॉमधूनही तो परत येत नाही.

आभाळ बदलून देणाऱ्या ॲपबद्दल इतकंच: उजेडाची दिशा बहुतेक वेळा वाळूवरच्या सावल्यांशी जुळत नाही आणि पाण्यातलं प्रतिबिंब पुष्कळदा जुन्याच आभाळाचं राहतं. मी ते वापरत नाही.

स्क्रीनच्या पूर्ण उजेडात एडिट करणं

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि भाचा पुन्हा दादरला गेलो. पाणी लांब सरलं होतं. चैत्यभूमीपासून थोडं पुढे, ओल्या वाळूत तो उकिडवा बसला, 3 पट झूम लावून. सूर्य तारांच्या मागे आला, खाली वाळूत त्याचा लांबट केशरी पट्टा पडला. त्याने अकरा फोटो काढले. एका फोटोत एक माणूस कुत्र्याला घेऊन त्या पट्ट्यावरून जात होता, तोच ठेवला. एडिटिंग तीन मिनिटांत झालं: क्षितिज सरळ, वरून थोडं आभाळ कमी, शॅडोज किंचित वर.

पहिला प्रिंट मात्र काळपट आला. रात्री अंधाऱ्या खोलीत, लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून आम्ही फोटो पाहिला होता. उजळ स्क्रीनवर जे ठीक वाटतं ते कागदावर गडद उतरतं. ब्राइटनेस निम्म्यावर आणला, खोलीत दिवा लावला, फोटो थोडा उजळ केला. दुसऱ्या वेळी स्टुडिओला फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली, नाहीतर तिचे पिक्सेल कमी होतात. 12 बाय 18 इंचांच्या त्या प्रिंटमध्ये तारा एकेक मोजता येतात, आणि कुत्र्याचा पट्टासुद्धा दिसतो.