नर्सिंगला जायचंय? ॲडमिशनपासून पहिल्या वॉर्डापर्यंत या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की पेठ, सुरगाणा, कळवण, निफाडकडून आई-वडील मुलीला घेऊन नाशिकला येतात. कॉलेजच्या ऑफिसात बसल्यावर पहिला प्रश्न असतो, "फी किती?" पैसे जमवताना घराची काय ओढाताण होते हे मला ठाऊक आहे, म्हणून प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: "हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत (नर्सिंग कौन्सिलात) माझी नोंदणी होईल का?" उत्तर गोलगोल आलं तर तिथून उठा.

पाटीवर 'नर्सिंग' दिसलं म्हणून प्रवेश घेणं

यापेक्षा महागात पडणारी चूक दुसरी नाही. सहा महिन्यांचे, वर्षभराचे 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' असे कोर्स गल्लोगल्ली चालतात. पेशंटजवळ राहून त्याचं सगळं करणं हे मानाचं काम आहे, ते शिकायला काहीच हरकत नाही. मात्र ते करून कुणी नोंदणीकृत नर्स होत नाही. सरकारी भरतीत स्टाफ नर्सचा फॉर्म भरता येत नाही, एम्सची नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) देता येत नाही, परदेशाचा तर विषयच नको. हे कळेपर्यंत मुलीचं एक वर्ष आणि घरचे पैसे दोन्ही गेलेले असतात.

बारावीनंतर नोंदणीकडे नेणारे रस्ते तीन: दोन वर्षांचं एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आणि चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. बी.एस्सी.च्या कॉलेजला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता लागते. 1998 मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ आपल्याच गावात, दिंडोरी रोडला म्हसरूळमध्ये आहे. संलग्न कॉलेजांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. यादीत कॉलेजचं नाव, गाव आणि संस्थेचं नाव तंतोतंत जुळतंय का ते पाहा. एकाच संस्थेची दोन कॉलेजं असली तर एकाची मान्यता दुसऱ्याला लागू होत नाही.

पैसे आधीच भरले असतील तर चालू वर्षाच्या मान्यतेच्या पत्राची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पत्र मिळत नसेल, तर "आता भरलेत पैसे, पूर्णच करू" असं म्हणू नका. मान्यता नसलेल्या ठिकाणचे महिने पुढे कुठेच धरले जात नाहीत.

'हजर राहायची गरज नाही' याला भुलणं

परराज्यातली सीट मिळवून देणारे एजंट दरवर्षी दिसतात. "फक्त परीक्षेला जायचं," असं सांगितलं की नोकरी करणाऱ्यांना ते सोयीचं वाटतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के पूर्ण करावे लागतात. कागदावर दाखवलेली हजेरी एखाद्या पडताळणीत उघडी पडली तर भोगायला एजंट येत नाही. आणि समजा नाहीच पडली, तरी नस कधी शोधलीच नसेल तर रात्रपाळीत एकटीने वॉर्ड कसा सांभाळणार?

अकरावीला बायोलॉजी सोडणं

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. तिन्ही शास्त्र विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40 टक्के. आश्रमशाळेतून जवळच्या कॉलेजात आर्ट्सला गेलेल्या कितीतरी हुशार मुलींना हे बारावीनंतर कळतं. तरी दार बंद होत नाही. जीएनएमला इतर शाखाही चालतात, आणि ते करून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. वर्ष एक जास्त जातं, पण पदवी मिळते.

सीईटी आणि कागद शेवटच्या आठवड्यावर ठेवणं

राज्यातल्या बी.एस्सी.साठी नर्सिंगची वेगळी सीईटी असते, ती राज्य सीईटी कक्ष घेतो. नीटचा फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजू नका. (देवळाली कॅम्पला वाढलेल्या मुलींना लष्करी नर्सिंगची ओढ असते. तिथल्या बी.एस्सी.ला मात्र नीटचेच गुण लागतात.) एएनएम-जीएनएमच्या प्रवेशाची पद्धतही मध्यंतरी बदलली, म्हणून मोठ्या बहिणीच्या वेळचं काही धरू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. नॉन-क्रीमीलेअर ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्याच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला समोरासमोर ठेवून नावाचं स्पेलिंग तपासा. त्यातली एका अक्षराची चूक महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडवते आणि नोंदणीच्या वेळी पुन्हा डोकं वर काढते.

इमारत पाहून येणं, रुग्णालय न पाहणं

चकचकीत लॅब, बाहुल्या, प्रोजेक्टर बघून पालक खूश होतात. तुम्ही विचारा: पोस्टिंग कुठे लागते, आठवड्यातून किती दिवस, प्रसूती कक्ष कुठला, सोबत ट्यूटर असतात का? मग ज्या रुग्णालयाचं नाव सांगतील तिथे भेटीच्या वेळेत जाऊन या. निम्म्या खाटा रिकाम्या असतील तर मुली तिथे शिकणार कशावर? त्र्यंबक रोडच्या सिव्हिलसारख्या गजबजलेल्या रुग्णालयात दमछाक होते हे खरं, पण हात तिथेच बसतो.

गणित आणि इंग्रजी 'नंतर बघू' म्हणून सोडणं

मराठी माध्यमाच्या मुली पहिल्या वर्षी गप्प होतात ते इंग्रजीमुळे. केस पेपरवर बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडली तर), एचएस (झोपताना) लिहिलेलं असतं आणि विचारायची लाज वाटते. लाज बाजूला ठेवा. खिशात छोटी डायरी ठेवा, रोजच्या केस पेपरमधले न कळलेले शब्द उतरवा आणि ड्यूटी संपायच्या आत इन्चार्ज सिस्टरना विचारून घ्या. चांगली सिस्टर विचारणाऱ्या मुलीवर चिडत नाही, अंदाजाने औषध देणारीवर चिडते.

गणितही असंच. 500 मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचंय आणि सलाईनचा सेट (नळी) 20 थेंबांना एक मिलिलिटरचा आहे. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब. आठ तासांची 480 मिनिटं. भागाकार 20.8, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. हा हिशोब सातवी-आठवीचा आहे, पण रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरची आजी हाका मारत असताना तो चुकता कामा नये. सेट 15 थेंबांचा असेल तर उत्तर 16 येतं, म्हणून सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय थेंब लावायचे नाहीत. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, तिथे शंका आली तर थांबायचं आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायचं.

स्वतःच्या अंगाकडे दुर्लक्ष

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्ड सुरू झाल्यावर आठवण होऊन उपयोग नाही, प्रवेश पक्का झाला की पहिला घ्या.

सुई टोचलीच तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. जखम दाबून रक्त काढत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, लगेच इन्चार्जना सांगा आणि रिपोर्ट लिहून घ्या. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू होतील तितकं बरं. 72 तासांनंतर त्यांचा भरवसा राहत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळा, भले शेजारची सीनियर लावत असली तरी.