कापडातला मृत पक्षी घडवताना या चुका टाळा

पक्षी नीट शिवलेला असतो, पिसंही सुरेख असतात, पण टेबलावर ठेवला की तो खेळण्यासारखा दिसतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: सगळीकडे सारखा, गच्च भरलेला कापूस. मेलेलं शरीर जमिनीला टेकतं, तिथे त्याचा भार दिसायला हवा. चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी १५ ते २० ग्रॅम बारीक काचमणी मलमलीच्या पुरचुंडीत बांधा आणि ज्या कुशीवर तो पडणार, त्या बाजूला छातीत ठेवा. बाकी कापूस हलक्या हाताने भरा. मानेत मात्र कापूस नको, लोकरीचा एक जाड धागा पुरतो. मान आखूड कापली तर डोकं लवंडतच नाही. पिसांखाली पक्ष्याची मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब असते, त्यामुळे डोळ्यांना योग्य वाटेल त्याहून थोडी लांबच कापा.

डोळ्याच्या जागी चमकता मणी लावला की पक्षी पुन्हा जिवंत वाटू लागतो. त्याऐवजी एका डोळ्याच्या जागेतून सुई आरपार दुसऱ्या बाजूला काढून दोरा हलका ओढा, म्हणजे दोन्हीकडे खळगा पडेल. त्यावर मिटलेल्या पापणीची रेघ भरा. बहुतेक पक्ष्यांची खालची पापणी वर चढते, त्यामुळे ही रेघ मधोमध येत नाही, डोळ्याच्या वरच्या कडेजवळ येते. एवढ्या एका टाक्याने चेहरा बदलतो.

पायांची बोटं ताठ पसरू नका, आत वळवा. २४ गेजची तांब्याची तार घ्या. साध्या लोखंडी तारेचा गंज काही काळाने दोऱ्यातून बाहेर येतो. टोक २-३ मिलिमीटर मागे दुमडा, नाहीतर ते कापडातून टोचतं.

पिसं डोक्याकडून शिवायला घेतली की प्रत्येक ओळीची शिवण उघडी राहते. सुरुवात शेपटीकडून करा, म्हणजे पुढची ओळ मागच्या शिवणीवर येईल. पंखातही आधी लांब पिसं, मग त्यांची मुळं झाकणारी छोटी. पिसांचं कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपं, कापलं तर दशा कमी सुटतात. झिजलेली कड हवी असेल तर सरळ धाग्यावर कापा, पण कडेपासून ४ मिलिमीटरवर आधी बारीक टीप मारा, मगच धागे काढा. टीप नसेल तर हाताळताना धागे शिवणीपर्यंत सुटतात आणि पीस गळतं.

कावळ्यासाठी नुसता काळा दोरा वापरला तर सगळं सपाट दिसतं. सुईत काळ्यासोबत गडद निळ्याचा किंवा तपकिरीचा एक पदर ओवा.

जुनेपणा आणायला ओल्या कापडाला गंजलेलं लोखंड लावून त्याचा रंग देतात. रंग सुंदर येतो, पण लोह कापडात राहिलं तर धागा कुजतो, रेशीम तर फारच लवकर. हवी ती छटा आली की लोखंड लगेच काढा. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात कापड बुडवा, मग साध्या पाण्याने खळबळून धुवा. कलाकृती स्वतःच हळूहळू विरून जावी, ही कल्पना मनापासून मोलाची आहे, पण ते आधी ठरवून केलेलं असावं.

खरी पिसं जोडण्याआधी कायदा पाहा. अनेक देशांत रानपक्ष्यांची गळालेली पिसंही बाळगता येत नाहीत. पिसं आणि लोकर दोन्हींना कसर, म्हणजे ती खाणारी कीड, लागते. ती मारायला वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका. थंड कापडावर हवेतली वाफ बसून दोऱ्याचा रंग ओघळू शकतो.